उघडा ठेवलेला नळ

ते दोन हजार अठरा साल होतं, जून महिना. साल पक्कं आठवतं, कारण ह्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. आज ते लिहायला बसले त्याचं कारण मात्र अगदी किरकोळ आहे. सकाळी चहा गाळत होते आणि न्हाणीघरातल्या नळाला कंठ फुटला. आधी नुसती हवा, मग खोकल्यासारखे दोन हिसके, मग गढूळ पाण्याची चूळ आणि मग धार. आजचा दिवस आमच्या पाण्याचा नव्हता. आमचं पाणी परवा. जुळे सोलापुरात राहायला आल्यापासून इतक्या वर्षांत पाणी उशिरा आलेलं पाहिलं, कमी आलेलं पाहिलं, न आलेलं तर कितीदा पाहिलं. पण न बोलावता दोन दिवस आधी आलेलं कधी पाहिलं नव्हतं. गाळणी तशीच टाकली, बादली लावली, पिंपाचं झाकण काढलं आणि ओल्या हातानंच फोन उचलून माझ्या जुन्या शेजारणीला, हुसेनबीला, मिस कॉल दिला. पाणी आलं की दोनदा वाजू द्यायचा आणि कापायचा, ही आमची पद्धत. दोनदा वाजला, मी कापला, फोन पदराला पुसून खिडकीत ठेवला आणि मग लक्षात आलं की हुसेनबीला जाऊन तीन वर्षं झाली.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. रडू आलं नाही, उगीच का खोटं लिहू. हात आपोआप पुढे गेला होता, त्याचं नवलच वाटत होतं. बादलीत पाणी पडत होतं. रिकाम्या बादलीत पडणारं पाणी मोठ्यानं बोलतं, भरत आलं की त्याचा आवाज आत जातो. मी तो आवाज ऐकत बसले आणि ऐकता ऐकता त्या खाडीत जाऊन पोचले.

ग्रीसमधल्या त्या खाडीचं नाव मला आजही धड सांगता येत नाही. माझ्या मुलीनं, ऋतुजानं, दोनदा सांगितलं होतं. दुपार उतरताना आमची शिडाची बोट आत शिरली तेव्हा तीन बाजूंना तपकिरी, उघडे डोंगर होते, करमाळ्याकडे जाताना माळ दिसतात तसे. परदेश म्हणजे हिरवागार असं मी धरून चालले होते. इथं ऊनही आपलंच होतं, दगडही आपलेच. फक्त खाली पाणी होतं, इतकं की बघून जीव गोंधळावा. काठाला आठ-नऊ कोळ्यांच्या होड्या, निळ्या-पांढऱ्या. धक्क्यावर पिवळ्या जाळ्यांचे ढीग आणि त्यांवर झोपलेली मांजरं. दोरीवर काहीतरी वाळत घातलं होतं. मला वाटलं कुणाचे मोजे, जवळ गेल्यावर कळलं आठ पायांचा तो मासा असतो तो. मी जन्माची शाकाहारी, लिंगायताच्या घरातली, पण किळस आली नाही. कुणीतरी आपलं काम करून वाळत घातलं आहे, एवढंच वाटलं. डोंगराच्या पायाशी पांढरं देऊळ होतं त्यांचं, देव्हाऱ्याला चार भिंती बांधाव्यात एवढंच, आणि त्याच्यावर एक दिवा.

हमजा, म्हणजे माझा जावई, बोटीच्या टोकाशी ओणवा होऊन पाण्यात बघत होता. ऋतुजा मागे सुकाणूच्या चाकावर. तो हात वर करी, ती वेग कमी करी. तो डावीकडे बोट दाखवी, ती तिकडे वळवी. एक शब्द नाही. चाळिशीला आलेली माझी मुलगी नवऱ्याच्या पाठीकडे बघून काम करत होती आणि तो मागे वळूनही बघत नव्हता, एवढी त्याला खात्री. मग त्यानं नांगर सोडला. साखळी घडघडत गेली, गिरणीत एकदम पन्नास माग सुरू झाल्यासारखी, आणि थांबली. मला वाटलं झालं. पण मग त्यांनी इंजिन उलटं चालवून बोट मागे ओढली. नांगर नुसता टाकून भागत नाही, तो तळाला धरलाय का ते ओढून बघायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकले. साखळी ताठ झाली, बोटीनं एक हिसका खाल्ला आणि गप्प उभी राहिली. हमजा कपाळाचा घाम पुसत मागे आला आणि ऋतुजाला म्हणाला, "हे बघ, देवळावरचा दिवा, अन् त्याच्या मागं तो विजेचा खांब. दोनी एका रेघेत हायत. रेघ मोडली की समजायचं आपन सरकलो."

ऋतुजाला हे माहीत नव्हतं असं नाही. ती दहा वर्षं त्याच्याबरोबर बोटी चालवत होती. ते मला सांगणं होतं. बोटीवरचे सहा दिवस आम्ही एकमेकांशी असेच बोलत होतो, तिच्या अंगावरून. "त्यांना विचार, भाकरी हवी का अजून." मी सोलापुरातून कडक भाकऱ्यांच्या तीन चळती आणि शेंगाची चटणी नेली होती. तो समोर दोन हातांवर बसलेला असायचा आणि ऋतुजाला म्हणायचा, "हवी की. त्येंना म्हणावं, लई दिवसानं खाल्ली." ऋतुजा आम्हा दोघांकडे बघायची आणि भाकरीचा तुकडा मोडून मधेच ठेवायची. पहिल्याच दिवशी मी बघितलं होतं, बोटीतला तवा नवा होता, कढई नवी होती, तव्याच्या मुठीवर दुकानाचं लेबल तसंच होतं. सहा दिवस त्या बोटीवर मासा शिजला नाही, अंडं फुटलं नाही. कुणी काही बोलून दाखवलं नाही. मीही नाही. तव्यावरचं ते लेबल मी रोज बघत होते आणि रोज काहीच बोलत नव्हते.

खरं म्हणजे हमजाला मी तो जन्मल्यापासून ओळखते. साखर पेठेतला आमचा बोळ. एका बाजूला आम्ही, समोर गैबीसाब, हुसेनबी आणि त्यांचा हा हमजा. हे आणि गैबीसाब एकाच गिरणीत, एकाच पाळीला. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. बोळात एकच सार्वजनिक नळ आणि त्याला पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसे. पहाटे तीन, कधी दीड. म्हणून रात्री निजताना नळ उघडा ठेवायचा आणि खाली एक पत्र्याचं भांडं. पाणी आलं की भांडं वाजायचं. ज्याला आधी जाग येईल त्यानं दुसऱ्याला उठवायचं, असा बोळाचा नियम होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडलेला पाहिला नाही. बहुतेक हुसेनबीलाच जाग यायची. "दाक्षाक्का! ओ दाक्षाक्का! उठो जी, पानी आया!" तिचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता आणि त्या आवाजावर मी तीस वर्षं उठले. ऋतुजा शाळेत जायला लागली तेव्हा माझी कंबर गेली आणि मला घागर उचलायची मनाई झाली. मग मी हुसेनबीच्या खिडकीखाली उभी राहून हाक मारायची, "हमज्या! ए हमज्या, ऊठ रे बाबा!" आणि तो डोळे चोळत यायचा, "आलं का पानी, अक्का?" एका हातात एक कळशी, दुसऱ्या हातात दुसरी. माझ्या घरात पाणी त्यानं भरलं आहे. ऋतुजा पायरीवर बसून त्याला पाढे विचारायची, अडला की हसायची. एवढं सगळं डोळ्यांसमोर होत होतं आणि मला काही दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी बघितलं नाही; आता या वयात दोन्हींतला फरक मला सांगता येत नाही.

दोन हजार तीन साली त्यांनी लग्न केलं, मुंबईला, कोर्टात. तो तोवर जहाजावर इंजिनियर झाला होता. चिठ्ठी आली त्या दिवशी हे घरात आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आपल्याला मुलगी नव्हती." ते वाईट माणूस नव्हते. गिरणी बंद पडल्यावर चिंचोळीच्या कारखान्यात वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नवीन पोरांच्या हाताखाली राबले, पण कधी कुणाला उणा शब्द बोलले नाहीत. गैबीसाबशी मात्र त्या दिवसापासून बोलले नाहीत. त्याच रात्री पाणी आलं. भांडं वाजलं, मी ऐकलं. मग हुसेनबीची हाक आली. एरवीपेक्षा हळू. "दाक्षाक्का. पानी आया." मी जागी होते. हे शेजारी जागे होते. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहिलो. तिनं पुन्हा हाक मारली. मग थोडा वेळ गेला आणि आमच्या दाराशी काहीतरी टेकवल्याचा आवाज आला. पहाटे दार उघडलं तर उंबऱ्याशी दोन घागरी, काठोकाठ भरलेल्या, वर फडकं घातलेलं. ह्यांनी त्या दोन्ही उचलल्या आणि गटारात ओतल्या. एक, मग दुसरी. मे महिना होता. आठ दिवसांनी आलेलं पाणी होतं. समोरच्या खिडकीत हुसेनबी उभी होती. मी दारात उभी होते. घागर रिकामी होताना शेवटी जो गुळगुळ आवाज येतो, तो होईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. दोन महिन्यांनी आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो. ऋतुजा फोन करायची, ह्यांच्या नकळत. मी "बरी आहेस ना" म्हणायची. हमजाचं नाव काढायची नाही. पुढे हे गेले. आता अडवणारं कुणी नव्हतं. पण तोवर न बोलणं माझं स्वतःचं झालं होतं. कुणाला हाक मारायची तर काय म्हणून? जावईबापू म्हणावं तर तोंडात माती गेल्यासारखं वाटायचं, हमजाराव म्हणावं तर हसू. आणि हमज्या म्हणायचा हक्क तर मी त्या पहाटे दारात उभी राहून घालवलेला होता.

त्या खाडीतल्या संध्याकाळी आमची जेवणं झाली, उन्हं डोंगराआड गेली, पण उजेड जाईना. त्या देशात संध्याकाळ फार वेळ रेंगाळते. हमजा खाली आवराआवर करत होता. धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळं शिवत बसला होता, त्याची सुई मधून मधून चमकायची. मी अगदी स्वस्थ होते. किती वर्षांनी, ते मोजावंसंही वाटत नव्हतं. तेवढ्यात ऋतुजा जवळ येऊन बसली.

"आई, उद्या संध्याकाळी बोट परत द्यायची. परवा तुझं विमान."

"हो. भाकऱ्या उरल्यात थोड्या. तुमच्या घरी राहू देत."

"भाकऱ्यांचं नाही बोलत मी." तिनं आवाज खाली आणला. "सहा दिवस झाले. तू त्याला एकदाही हाक मारली नाहीस."

"हाक मारायचं काम कुठं पडलं?"

"पडलं नाही, का तू पाडलं नाहीस?"

मी म्हाताऱ्याच्या सुईकडे बघत राहिले.

"तो विचारत नाही काही," ती म्हणाली. "तो म्हणतो, अक्काचं अक्काला कळंल. दोन वेळा मूल राहून गेलं माझं, तेव्हा मी रडत होते की आईला फोन करू नका कुणी. तो म्हणायचा, कर, बाबांना न सांगता कर, ती येईल. मी नाही केला. कारण मला ठाऊक होतं तू काय म्हणशील. बरी आहेस ना, म्हणशील."

मला ते माहीत नव्हतं. दोन वेळा. मी तिच्या हाताकडे बघितलं. हात माझ्यासारखेच, शिरा वर आलेल्या. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडून निघालं, "थंडी वाजेल, शाल घे."

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. "आई, मी आता परत परत सांगणार नाही. तू सुखरूप सोलापूरला जा. सणावाराला फोन करत जाईन. पण ये, असं पुन्हा नाही म्हणणार. मला नाही झेपत मधे बसायला." आणि उठून खाली गेली. तिच्या पावलांनी बोट जराशी हलली आणि परत स्थिर झाली.

मी दिव्याची आणि खांबाची रेघ बघितली. जागेवर होती. खाली माझ्या लहानशा खोलीत आले. पडण्याआधी तोंड धुवायला नळ उघडला, तर पाणी नाही. बोटीत पाणी टाकीत असतं आणि एक बटण दाबलं की पंप ते नळाला आणतो; रात्री हमजा ते बटण बंद करत असे. हे मला कुणीतरी सांगितलं असेल, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काही नव्हतं. नळाला पाणी नाही, एवढंच हाताला कळलं. आणि हातानं तेच केलं जे तो सत्तर वर्षं करत आला आहे. नळ उघडाच ठेवला आणि त्याखाली माझा स्टीलचा तांब्या ठेवला.

झोप कशी लागली कळलं नाही. जाग आली ती तांब्या वाजला म्हणून. त्या वेळी मी कुठे होते, हे मला कुणी विचारलं असतं तर मी साखर पेठ म्हटलं असतं. अंधार होता, पाणी आलं होतं, आणि पाणी आलं की विचार करायचा नसतो. तांब्या भरला, बाजूला ठेवला. दोन बाटल्या भरल्या. दार उघडून बाहेरच्या स्वयंपाकाच्या कट्ट्याशी गेले, तिथला नळही सोडला, तोही बोलला. पातेलं भरलं, किटली भरली, थर्मास, मग, भाकऱ्यांचा रिकामा डबा, सॅलडचं लाकडी भांडं. त्या अंधारात माझा हात एकदाही चुकला नाही. मी खूश होते, हे मला स्वच्छ आठवतं. कुणाला न उठवता एवढं भरलं, अशी लहान मुलीसारखी खुशी. ऋतुजाला मधे तहान लागली होती, तिनं बटण दाबून पाणी घेतलं आणि बटण तसंच राहिलं, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच ठाऊक होतं की पाणी आलं आहे आणि आता बाकीच्यांना उठवायला हवं. तो नियम होता. म्हणून मी तो चार पायऱ्यांचा जिना चढून वर आले, हाक मारायला.

वर वारा होता. संध्याकाळी नव्हता. डोंगरावरून उतरून येत होता, मानेवर गार हात ठेवल्यासारखा. मी देवळाच्या दिव्याकडे बघितलं, कारण झोपताना तोच शेवटी बघितला होता. दिवा होता. खांब त्याच्या मागे नव्हता. खांब पार डावीकडे गेला होता, दिव्यापासून वीतभर. आणि कोळ्यांच्या होड्या, ज्या मला हाताच्या बोटाएवढ्या दिसल्या होत्या, त्यातल्या एकीवरचं पांढरं रंगवलेलं नाव मला अक्षर न् अक्षर दिसेल इतकी ती जवळ होती. पायाखालून आवाज येत होता, घर्र, थांबून पुन्हा घर्र. नांगर तळावरून घासत होता.

त्या वेळी मी काही ठरवलं नाही. नंतर पुष्कळांनी मला विचारलं, मीही स्वतःला विचारलं, की तेव्हा मनात काय आलं. काही आलं नाही. मी त्यांच्या खोलीच्या वरच्या झडपेशी वाकले आणि माझ्या छातीतून तीस वर्षांपूर्वीचा आवाज निघाला. "हमज्या! ए हमज्या, ऊठ रे बाबा! ऊठ!"

खालून लगेच आवाज आला, झोपेनं जड झालेला. "आलं का पानी, अक्का?"

वाऱ्यात साखळी घासत होती. मग मी म्हणाले, "रेघ मोडली रे. रेघ मोडली."

तो बनियनवर वर आला. त्यानं एकदा खांबाकडे, एकदा होडीकडे बघितलं आणि इंजिन सुरू केलं. त्याचा फोन, ज्यात बोट सरकली की वाजायची सोय होती, चार्ज संपून बंद पडला होता. ऋतुजा धावत आली. "तू चाकाला धर," तो तिला म्हणाला, आणि मला, सरळ मला, "अक्का, बॅटरी धरा. पुढं, साखळीवर. हितं बसा, उभं ऱ्हायचं न्हाय." मी बसले. बॅटरी धरली. साखळी वर आली, तिच्यासोबत हिरव्या गवताचा एवढा मोठा भारा नांगराला गुंडाळलेला. तळाला गवत होतं, नांगरानं ते नुसतं वरवर धरलं होतं. हमजानं ते हातानं ओरबाडून काढलं, आम्ही खाडीच्या मधे गेलो, त्यानं पुन्हा पाण्यात बघितलं. मी बॅटरी खाली केली, पांढरी वाळू दिसली. "हां. हितं," तो म्हणाला, "आता सोडतो. कानाला हात लावा अक्का, लई वाजतंय." नांगर गेला. इंजिन उलटं. ओढलं. धरलं. पुन्हा ओढलं. धरलं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "रेघ?" मी नवीन रेघ शोधली: देवळाचा दिवा आणि डोंगराच्या खिंडीतला एक तारा. मग वाटलं, तारा तर सरकेल. "तारा नको," मी म्हणाले. "ते घर धर, निळ्या दाराचं, दिवा लागलाय ते." तो मोठ्यानं हसला. "मास्तरीणबाईंच्या नजरंतनं काय सुटतंय व्हय."

आम्ही तिघंही नंतर झोपलो नाही. शाली घेऊन वर बसलो. बोट वाऱ्याबरोबर इकडून तिकडे फिरायची पण जागा सोडत नव्हती. मला दोन घागरींबद्दल बोलायचं होतं. मी सुरुवात केली, "त्या दिवशी तुझ्या आईनं दाराशी..." आणि पुढे जाईना. हमजा म्हणाला, "ठावं हाय अक्का. अम्मी म्हनली हुती, दाक्षाक्का दारात उभी हुती अन् रडत हुती." मी रडत होते, हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं मी समजत होते की हुसेनबीनं मला नुसती उभी राहिलेली बघितली.

उजाडल्यावर ऋतुजानं चहाला नळ सोडला आणि नळ नुसता फुरफुरला. टाकी रिकामी. हाक मारायला धावताना मी सोडलेले दोन्ही नळ रात्रभर तसेच चालू राहिले होते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग कट्ट्यावरची भांडी बघितली: पातेलं, किटली, डबा, सॅलडचं भांडं, सगळी काठोकाठ. हमजा जिन्याशी बसला आणि पोट धरून हसायला लागला. "सव्वाशे लिटरची टाकी अक्कानं एका रातीत खलास केली. पन सोलापूरकरणीचं घर कोरडं ऱ्हाईल व्हय!" ऋतुजाही हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं पदर शोधला. पदर नव्हता, म्हणून माझा घेतला. चहा सॅलडच्या भांड्यातल्या पाण्याचा झाला, त्याला व्हिनेगरचा वास होता, आम्ही दोन दोन कप घेतले. मग हमजा छोट्या होडीतून धक्क्यावर गेला आणि हातवारे करून जाळेवाल्या म्हाताऱ्याला आमची कथा सांगितली. म्हाताऱ्यानं आपल्या अंगणातला लांब रबरी पाइप धक्क्यापर्यंत ओढून आणला. आम्ही बोट धक्क्याला लावून टाकी भरली, त्यानं पैसे घेतले नाहीत. मी त्याला कडक भाकरी दिली. त्यानं ती दातानं मोडली, डोळे मोठे केले आणि खिशात ठेवली. तव्याच्या मुठीवरचं ते लेबल मी त्या सकाळी ओल्या फडक्यानं भिजवून काढलं.

त्याच्यानंतर कुणाचं काय झालं ते आता सांगून टाकते. ह्यांच्या फोटोसमोर मी परत आल्यावर सगळं बोलले. ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही, पण फोटो उतरवला नाही आणि बोलणंही थांबवलं नाही. गैबीसाब त्याआधीच गेले होते, ह्यांच्याशी एक शब्द न बोलता, त्याचं मला आजही वाईट वाटतं. परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी साखर पेठेत गेले, त्याच बोळात, त्याच दारात. हुसेनबीनं दार उघडलं, बघितलं, आणि पंधरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलली, "तुम्हारे उधर पानी कब आता जी?" मी म्हटलं, उद्या. तेव्हापासून मिस कॉल सुरू झाले. तिच्या पाण्याचा दिवस वेगळा, माझा वेगळा. तिच्या पाण्याचा मला काही उपयोग नव्हता, माझ्याचा तिला. तरी एकही चुकला नाही. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात ती झोपेत गेली. हमजा आता समुद्रावर जात नाही, तिथल्याच पिरायस बंदरात एका कचेरीत बसतो आणि पोट सुटलं म्हणून कुरकुरतो. ऋतुजा दर वर्षी ये म्हणते. मी अजून दोनदा गेले, बोटीवरही एकदा. त्या खेपेला पंपाच्या बटणावर तिनं मराठीत कागद चिकटवला होता: आईला विचारल्याशिवाय बंद करू नये. तो तवा माझ्याकडे आहे, मी बॅगेतून आणला.

एवढं सगळं मनात फिरून झालं तोवर बादली भरून वाहायला लागली होती आणि खिडकीतला फोन वाजत होता. हुसेनबीचं नाव. मी हात पदराला पुसला. मग घेतला. तिची धाकटी सून शबाना होती. सासूचा नंबर तिनं चालू ठेवला आहे.

"अक्का, आलं व्हय पानी तुमच्याकडं?"

"आलं गं. आज दिवस नसताना आलं. चुकून लागला तुला फोन."

"चुकून कसला," ती म्हणाली. तिच्या मागे भांड्यांचा आवाज होता. "अम्मी गेल्यापास्नं ह्यो फोन असा वाजलाच न्हवता. मी पळत आले बगा." मग म्हणाली, "आमच्याकडं उद्या हाय, पहाटंचं. मी देते मिस कॉल. उठचाल न्हवं?"

"उठीन की," मी म्हणाले.